थरथरीची सवय

आमच्या घरी आबांना चहा कधी कपभर मिळाला नाही. आई अर्धाच ओतायची. घरात दूध कमी असायचं हे खरं, पण कारण ते नव्हतं. भरलेला कप आबांच्या हातात टिकत नसे. दिवसभर मंडईत हातगाडी ओढून माझे वडील घरी यायचे, तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत मुंग्यांनी भरलेले असायचे आणि बोटं आपली आपणच थरथरत राहायची. शर्टाची बटणं आई काढून द्यायची. भाकरी मोडताना ते ताटाकडे न बघता आमच्याकडे बघून काहीबाही बोलत बसायचे, म्हणजे आमचं लक्ष हातांकडे जाऊ नये. आमचं लक्ष तिथंच असायचं.

गाडी त्यांची नव्हती. कसबा पेठेतल्या एका बोळात एका शेठच्या हातगाड्या साखळीनं बांधून ठेवलेल्या असायच्या. सकाळी भाड्यानं न्यायची, संध्याकाळी आणून लावायची. आबांच्या वाट्याला नेहमी एकच गाडी यायची, कारण ती दुसरं कुणी घेत नसे. चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते तिला धाव म्हणतात. त्या गाडीच्या उजव्या चाकाची धाव सांध्याजवळ उचलली होती. दर फेऱ्याला तो सांधा रस्त्यावर आपटायचा आणि दणका दांड्यातून सरळ हातात यायचा. शाळेला सुट्टी असली की मी मागून ढकलायला जायचे. बटाट्याची पोती, वर कांद्याची पोती, आणि मी पोत्यांना दोन्ही हात लावून वाकलेली. माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मी तर मागे होते. दांडा आबांच्या हातात होता. दणका बसला की ते रस्त्याला शिवी द्यायचे. पुढचा दणका, पुढची शिवी. मंडईतले लोक हसायचे, "काय मामा, आज रस्त्याची काही खैर नाही!"

एकदा माझ्यासमोर आबा शेठला म्हणाले, "शेठ, चाकाचं कायतरी बघा की."

शेठनं पेपरातून डोकं वर काढलं नाही. "चाकाला काय धाड भरलीय? पुण्याचे रस्तेच तसले आहेत. सवय होईल."

तेव्हा मला राग आला नाही, किळस आली. त्याच्यासमोर बशीत चहा होता, काठापर्यंत भरलेला, आणि तो एक थेंब न सांडता पीत होता.

सवय काही झाली नाही. बोटांतली जान मात्र हळूहळू गेली.

मी शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना लोकांना माझ्याकडून थोडा संकोच अपेक्षित असतो, तो मी दाखवत नाही. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले तेव्हा विहारातल्या लोकांना आईनं स्वतःच्या हातानं पेढे वाटले, आणि आबा दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला "आमची पोरगी, पदवीधर" असं ओळख नसल्यासारखं सांगत होते, अगदी माझ्या मामालासुद्धा. पुढे खराडीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी लागली. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची आणि ती खोटच आहे हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे माझं काम. मला ते फार आवडतं. नंतर खराडीतच फ्लॅट झाला, आई-आबा माझ्याकडे आले, आणि मग गाडी घेतली. नवी, पांढरी.

गाडी आल्याचं आबांनी सर्वांत आधी आत्याला कळवलं. आत्या त्यांची थोरली बहीण. त्यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा आबांना आत्यानंच वाढवलं. ती सोलापूर रस्त्याला, यवतच्या पुढच्या एका गावात राहते. गुडघे गेल्यामुळे तिला घराबाहेर पडता येत नाही. आबा आयुष्यभर तिच्याकडे एसटीनं गेले, बहुतेक वेळा उभ्यानं. तर फोनवर आत्या म्हणाली, "आता लेकीच्या गाडीतनं ये. एसटीतनं आलास तर मी दार उघडायची न्हाई, सांगून ठिवते."

"आन उघडलं न्हाईस तर?"

"तर बस उंबऱ्यावर. पाणी खिडकीतनं दीन."

आबा दिवसभर ते सगळ्यांना सांगत हसत होते.

आम्ही निघालो तो रविवार होता. आबा पुढच्या सीटवर, इस्त्रीचा सदरा, मांडीवर आत्याच्या आवडीच्या चिवड्याची पिशवी. हडपसरची गर्दी मागे पडली, टोलनाका गेला, रस्ता मोकळा झाला आणि मी वेग वाढवला. सत्तरच्या पुढे गेले तसं स्टिअरिंग माझ्या हातात कुरकुरायला लागलं. ऐंशीला ते उघडउघड थरथरत होतं, थंडीत दात वाजावेत तसं. शहरात गाडी चाळिसाच्या वर कधी गेलीच नव्हती, म्हणून हे मला आधी कळलं नव्हतं. काही कळू नये म्हणून मी स्टिअरिंग घट्ट धरलं. पण आबांना बघायचं होतं की लेक गाडी कशी चालवते. ते कौतुकानं म्हणाले, "हात लावू का गं?"

"लावा."

त्यांनी दोन बोटं स्टिअरिंगच्या कडेला टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. मग तो हात मांडीखाली दाबून ठेवला.

"मागं फिरव," ते म्हणाले.

"अहो आबा, आत्या वाट बघतेय."

"माझ्या पोटात ढवळतंय म्हणून सांग तिला. फिरव मागं."

त्यांच्या पोटात काही ढवळत नव्हतं. त्यांनी खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, म्हणजे माझ्या नव्या गाडीला कुणी नाव ठेवू नये. त्यानंतर ते गाडीत बसेनात. आत्याकडे जायचं निघालं की म्हणायचे, बघू पुढच्या महिन्यात. एसटीनं जावं तर आत्या दार उघडणार नाही, आणि लेकीच्या गाडीतून का नाही आलो हे तिला सांगावं तर गाडीची लाज. म्हणजे आबांचं बहिणीकडे जाणंच बंद झालं. आणि ते माझ्या गाडीमुळे.

मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. आत काचा, थंडगार हवा, फुकट कॉफी, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. माझ्याशी बोलायला आलेला तरुण अंगावर अत्तराची बाटली उपडी करून आला होता.

"मॅडम, ऐंशीला व्हायब्रेशन म्हणताय. घरी जेंट्स कुणी गाडी चालवतात का? त्यांनाही जाणवतं का?"

"घरी जेंट्स आहेत. त्यांना दोन बोटांत जाणवलं."

संध्याकाळी गाडी परत मिळाली. बाहेरून धुतलेली, टायरांना काळं पॉलिश फासलेलं, आत मोगऱ्याचा फवारा इतका मारलेला की मला मळमळलं. तो तरुण म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह घेतली मॅडम. आमच्याकडे काही येत नाही."

हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते. 'आमच्याकडे येत नाही.' ते म्हणणारा माणूस नीट बघत नसतो, हे मला पगार घेऊन शिकायला मिळालंय.

"टेस्ट ड्राइव्ह कुठे घेतली?"

"इथंच, मागच्या रोडला."

"मागच्या रोडला गाडी ऐंशीनं कशी चालवलीत? उडवून?"

तो हसला. मग मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? पुण्याचे रस्तेच असे आहेत. थोडी सवय होईल."

कसबा पेठेतल्या बोळातला तो शेठ आता अत्तर लावून, गळ्यात ओळखपत्र घालून, माझ्यासमोर उभा होता. शब्दसुद्धा बदलायचे कष्ट त्यानं घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून फोन आला, सेवेला दहापैकी किती मार्क द्याल? मी म्हटलं, शून्य. पलीकडची मुलगी अडखळली. "मॅडम, शून्य सिस्टिममध्ये नाहीये. एकपासून सुरू होतं."

सोसायटीतल्या एका काकांनी पार्किंगमध्ये मला बॉनेट उघडून उभी असलेली पाहिलं. "काय, गाडी थरथरते म्हणे?" त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

"हो."

"तुमच्या हातात आहे ना, घाबरत असेल." आणि फिरायला निघून गेले. पुण्यात याला आपुलकी म्हणतात.

मग बायपासजवळचं एक टायरचं दुकान गाठलं. तिथली घाण मला अजून आठवते. पंक्चर बघायला पाण्याचं टाकं होतं, त्यातलं पाणी काळं, वर तेलाचा तवंग आणि कडेला गुटख्याचे ओघळ. त्यातच टायर बुडवायचा, त्यातच हात धुवायचे, आणि थुंकायचंही तिथंच. मालकाच्या तोंडात सदा तोबरा, त्यामुळे तो मान वर करूनच बोलायचा. त्यानं पुढची दोन्ही चाकं काढून बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवली. चाक एका बाजूला जड असेल तर दुसऱ्या बाजूला शिशाची छोटी वजनं चिकटवून ते तोलायचं, एवढंच ते काम. मशीनच्या पडद्यावर शून्य आलं. मालकानं अभिमानानं बोट दाखवलं.

आणि थरथर खरंच थांबली. मी आबांना सांगितलं, आता चला. ते म्हणाले, "आठवडाभर चालव, मग बघू." त्यांचं बरोबर निघालं. आठवडा भरायच्या आत ती परत आली. मी परत गेले. परत वजनं, परत शून्य, परत थोडे दिवस शांतता, परत थरथर. तिसऱ्या वेळी मालकानं तोबरा टाक्यात रिकामा केला आणि निर्णय दिला, "मॅडम, टायरच गेलेत. चारी नवीन टाकून घ्या."

नव्या गाडीचे टायर.

तेव्हा मी ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही. मी हे पोटापाण्यासाठी करते, मग इथं का करू नये? आमच्या कामाचा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. भल्या सकाळी मी एकटीच सोलापूर रस्त्याला गेले. ब्रेक हलके दाबून पाहिले. थरथर वाढली नाही, म्हणजे ब्रेकच्या डिस्कचा दोष नाही. पुढेमागे कुणी नाही असं बघून क्षणभर गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, थरथर तशीच, म्हणजे इंजिनाचाही संबंध नाही. मग रस्त्याकडे लक्ष दिलं. एका ठिकाणी डांबर इतकं गुळगुळीत होतं की टायरांचा आवाजसुद्धा येत नव्हता. तिथंही थरथर होतीच, उलट जास्त स्पष्ट. खड्डा कधी एकदा मारतो, कधी दोनदा, त्याला काही ताल नसतो. ही थरथर तालात होती. जे तालात येतं ते गोल फिरणाऱ्या वस्तूतून येतं. म्हणजे चाक. रस्ता नाही. रस्ता नव्हताच कधी.

मी टायरच्या दुकानात गेले आणि मालकाला म्हटलं, "पुढची चाकं मागे टाका, मागची पुढे."

"त्यानं काय होणार?"

"तेच बघायचंय."

चाकं बदलली. पुन्हा हमरस्त्याला जाऊन ऐंशी गाठलं. स्टिअरिंग निवांत. पण थरथर आता माझ्या सीटखाली होती, कमरेत. मला हसूच फुटलं. दोष चाकाबरोबर मागे गेला होता. परत आले, डावीकडचं मागचं चाक तेवढं पुन्हा पुढे टाकायला लावलं आणि पुन्हा जाऊन आले. स्टिअरिंग परत थरथरलं. पुढचं डावं चाक. चोर सापडला.

"हे चाक काढा. आणि उलटं ठेवा, आतली बाजू वर."

मालक म्हणाला, "आत काय बघायचंय मॅडम, आत कोण बघतं?"

"मी."

त्यानं चाक काढून जमिनीवर पालथं टाकलं. आत, जिथं चकचकीत धातू असायला हवा होता, तिथं राखाडी थर होता. बोट लावलं तर दगड. काँक्रीट. मला लगेच आठवलं. आमच्या सोसायटीच्या वळणावर बांधकामाच्या मिक्सर गाड्या वळताना पातळ काँक्रीट सांडत जातात, ते कुणी धूत नाही, आणि आपण सगळे त्यातून गाड्या घालतो. ते उडून चाकाच्या आत बसलं होतं आणि वाळून टणक झालं होतं. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. पण खरी किळस त्यानंतर आली. त्या थराच्या वरच शिशाची वजनं चिकटवलेली होती. काँक्रीटचे काही पोपडे उडाले होते आणि त्यांच्याबरोबर वजनंही गेली होती. म्हणून दर वेळी थोडे दिवस बरं वाटायचं आणि मग थरथर परत यायची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काँक्रीट आहे मॅडम." अगदी शांतपणे.

"आणि त्याच्यावर?"

"वजनं."

"कुणी लावली?"

"आम्हीच की."

"तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं ना! खराडीतल्या सगळ्या गाड्यांना असतंय हे. प्रत्येकाचं खरवडत बसलो तर धंदा कधी करायचा? मशीन झीरो दाखवतं ना? मग झालं तर."

"मशीन झीरो दाखवणारच. तुम्ही घाणीसकट तोलून देताय."

"सगळेच तसं करतात मॅडम."

दिसलं नाही असं तो म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. पण त्याला दिसलं होतं. त्यानं ती घाण हातानं चाचपली होती, तिच्यावर वजन दाबून चिकटवलं होतं, आणि माझ्या तोंडावर टायर गेल्याचं सांगितलं होतं. वर त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतही नव्हतं. मला किळस आली, आणि ती त्या टाक्याची नव्हती.

"छिन्नी आणि हातोडी द्या," मी म्हटलं.

"अहो मॅडम, राहू द्या, तुम्ही कशाला—"

"द्या."

ऑफिसच्या कपड्यांतच मी उकिडवी बसले आणि खरवडायला लागले. गिऱ्हाइकं बघायला थांबली, तशी मालकाची पंचाईत झाली आणि तो स्वतः दुसरं चाक घेऊन बसला. पोपडे निघाले, काहींना शिशाची वजनं तशीच चिकटलेली. चारही चाकं आतून स्वच्छ झाली, मग जुनी सगळी वजनं काढायला लावली, आणि मग मशीन. मी शेजारी उभी राहिले. या वेळी डाव्या चाकाला नखाएवढं एक वजन लागलं. बस, एवढंच.

मालकानं हात पुसत पुसत विचारलं, "मॅडम तुम्ही मेकॅनिकल का?"

"नाही. बीएस्सी."

पंधरवडाभर मी गाडी रोज बाहेर काढून ऐंशीला नेऊन बघत राहिले आणि आबांना काहीच बोलले नाही. मग एका रविवारी म्हटलं, "चला. आधी हात लावून बघा, पटलं नाही तर मागे फिरू."

ते बसले. चिवड्याची पिशवी मांडीवर. टोलनाका गेला. रस्ता मोकळा झाला, काटा ऐंशीवर गेला, आणि मी म्हटलं, "लावा हात."

त्यांनी आधी दोन बोटं टेकवली. मग थांबले. मग अख्खा पंजा स्टिअरिंगच्या कडेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांची बोटं आता नेहमीच जरा थरथरतात. गाडीचं काही थरथरत नव्हतं.

"काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"चाकात घाण होती. आणि आबा, त्या माणसाला ती दिसली होती. माहीत असून सांगितलं नाही."

यवतचा फाटा मागे गेल्यावर ते एकदम म्हणाले, "शेठलाबी म्हाईत हुतं."

"काय?"

"धाव उचललीया ते. मीच दावलं हुतं त्याला, वाकून, बोट लावून. दोन खिळं मारायचं काम हुतं."

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. लहानपणापासून मी धरून चालले होते की आबांना शेठचं म्हणणं पटलं होतं. "मग तुम्ही शिव्या रस्त्याला का द्यायचात?"

"मग कुणाला दिऊ? शेठला दिल्या आस्त्या तर दुसऱ्या दिवशी गाडी न्हाई. रस्ता उलटून बोलत न्हाई."

शेठ मरून किती वर्षं झाली कोण जाणे, पण त्या काठोकाठ भरलेल्या बशीची किळस तशीच वर आली. दोन खिळे. आबा मात्र खिडकीतून ऊस बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "वेग का कमी केलास? तिकडं म्हातारी दार लावून बसंल."

आत्यानं दार लावलं नव्हतं. ती दारात खुर्ची टाकून बसली होती. आबा उतरल्यावर तिनं आधी त्यांच्याकडे बघितलंच नाही, मान वाकडी करून गाडी बघितली.

"हीच का?"

"हीच," आबा म्हणाले. "हात लावून बघ. चालू आसली तरी कळत न्हाई."

त्या रविवारी आबा लेकीच्या गाडीतून बहिणीकडे गेले आणि त्याच गाडीतून परत आले. आता दर महिन्याला जातात. ऐंशीला स्टिअरिंग थरथरत नाही.